सीबॅक फॉर्मातले शेवटचे दोन प्रश्न

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



आपल्या खात्याच्या एका कागदाबद्दल हे पत्र आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी जाऊन तो भरते. गावात त्याला सीबॅक फॉर्म म्हणतात. वय किती, तंबाखू खाता का, दारू रोज लागते का, कंबर किती, आठवड्यात 150 मिनिटे तरी अंग हलते का, घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, असे विचारून ती गुण मांडते. बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची 90 च्या पुढे गेली की गुण वाढतात. बेरीज 4 च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीच्या दिवशी आधी बोलवायचे. सरकारी कागदांत इतका कामाचा कागद क्वचित सापडतो, हे आधी सांगून टाकते.

या कागदाच्या तळाशी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटत नाही, असे किती दिवस झाले? मन उदास आहे, खचल्यासारखे वाटते, पुढे काही दिसत नाही, असे किती दिवस झाले? मुळीच नाही याला 0 गुण, जवळपास रोज याला 3. दोन्हींची बेरीज 3 च्या वर गेली, तर त्या व्यक्तीला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे, अशी सूचनाही तिथेच छापलेली आहे.

मात्र या दोन प्रश्नांचे गुण वरच्या बेरजेत धरले जात नाहीत. कंबर, तंबाखू आणि वडिलांचा हार्ट अटॅक एका खात्यात, उदासी दुसऱ्यात. माझे म्हणणे इतकेच आहे की नैराश्य हेही हृदयाच्या खात्यावरचे देणे आहे. जोवर आपले खाते ते तिथे मांडत नाही, तोवर आपण गावागावांत मोजत असलेला हृदयविकाराचा धोका अपुरा मोजला जाणार.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयातून समाजसेवा अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. रेशनकार्डावरच्या नावातली चूक, योजनेची मंजुरी, रक्ताची पिशवी, परतीचे गाडीभाडे, हे माझे काम. डॉक्टरांसमोर गप्प बसणारे लोक माझ्या टेबलापाशी बोलत, आणि बहुतेक वेळा रुग्णापेक्षा नातेवाईक बोलत. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाची बायको फॉलोअपला येते, फाइल पुढे करते आणि हळूच सांगते, ‘मॅडम, घरी आल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. गोळी हातावर ठेवली तर घेतात, नाही ठेवली तर विचारत नाहीत. शेताकडं फिरकले नाहीत. नातवाला जवळ घेत नाहीत.’ आत डॉक्टरांनी एको बघितलेला असतो. पंपिंग चांगले आहे, आता काळजीचे कारण नाही, असे ते म्हणालेले असतात. तिचेही खरे आणि त्यांचेही खरे. फाइलवर मात्र एकाच खऱ्याची नोंद होते. अशा किती बायका पाहिल्या याची मी मोजदाद ठेवली नाही. कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या माझ्या व्यवसायबंधूंना विचारा, तेही हेच सांगतील.

जे त्या बाईला दिसत होते ते कॅनडात माँट्रियलला नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले, त्याला आता तीन दशके होऊन गेली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 222 रुग्णांशी त्यांनी रुग्णालयातच, पाच ते पंधरा दिवसांच्या आत, सविस्तर बोलून घेतले आणि कोणाला नैराश्य आहे ते नोंदवले. साधारण सहातल्या एकाला होते. सहा महिन्यांत 12 रुग्ण दगावले, सगळे हृदयाच्याच कारणाने. हृदयाचा किती भाग निकामी झाला, आधी अटॅक येऊन गेला होता का, हे सगळे हिशेबात धरूनही नैराश्य असलेल्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या चौपट निघाला. 1993 मध्ये तो अभ्यास छापून आला. 12 हा आकडा लहान आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण त्यानंतर ठिकठिकाणी हजारो रुग्णांवर हेच तपासले गेले. धोक्याचा आकडा चौपटीवरून खाली आला, पण धोका नाहीसा झाला नाही. 2014 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने जाहीर निवेदन काढून सांगितले की हार्ट अटॅकसारख्या तीव्र झटक्यानंतर रुग्णाचे पुढे काय होणार हे ठरवणाऱ्या जोखमीच्या घटकांत नैराश्याला अधिकृत स्थान द्यावे.

हे झाले अटॅक येऊन गेलेल्यांचे. ज्यांना अजून काहीच झालेले नाही त्यांचे काय, हा सीबॅकचा खरा प्रश्न. तिथे इंटरहार्ट अभ्यासाकडे पाहावे. प्रा. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, त्यात आपल्या देशातले रुग्णही होते. पहिला हार्ट अटॅक आलेले लोक एका बाजूला आणि त्याच वयाचे, अटॅक न आलेले दुसऱ्या बाजूला, अशी तुलना होती. गेल्या वर्षभरात सलग दोन आठवडे किंवा जास्त काळ उदास वाटले का, असे विचारल्यावर अटॅक आलेल्यांपैकी 24 टक्के ‘हो’ म्हणाले, न आलेल्यांपैकी 17.6 टक्के. बाकीचे हिशेब चुकते केल्यावर धोका दीडपटीहून थोडा जास्त. तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह आणि पोटाचा घेर यांच्या रांगेत त्या अभ्यासाने मनावरचा ताण आणि उदासी यांनाही बसवले. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती आपल्या खात्याच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे: दक्षिण आशियात पहिल्या अटॅकचे मधले वय 53, इतर जगात ते जवळपास 59. आपली माणसे सहा वर्षे आधी रांगेत उभी राहतात. 53 म्हणजे मुलीचे लग्न व्हायचे आहे, सोसायटीचे कर्ज फिटायचे आहे, नोकरी असेल तर पेन्शनला अजून अवकाश आहे, असे वय.

उदासीने हृदय कसे काय बिघडेल, हा प्रश्न मला शिकलेल्या लोकांनीही विचारला आहे. शरीरात घडते ते असे. नैराश्यात ताणाची यंत्रणा सतत चालू राहते. कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके गरज नसताना पाझरत राहतात, त्यामुळे बीपी, साखर आणि पोटावरची चरबी तिन्हींना हातभार लागतो. निरोगी माणसाच्या दोन ठोक्यांतले अंतर श्वासागणिक किंचित बदलत असते. नैराश्यात हा लवचिकपणा कमी होतो, आणि तो कमी झालेल्या हृदयात ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. रक्तातल्या प्लेटलेट जास्त चिकट होतात, म्हणजे गुठळी लवकर धरते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला मंद सूज राहते, रक्तात सीआरपी या सुजेच्या खुणेची पातळी वाढलेली सापडते. यातली प्रत्येक गोष्ट अटॅकच्या वाटेवरची आहे. गुंता असा की वाट दोन्ही बाजूंनी चालते. हृदयविकाराने नैराश्य येते, नैराश्याने हृदयविकार वाढतो, आणि थकवा, झोप न लागणे, भूक मरणे ही लक्षणे दोघांचीही असल्यामुळे ती ‘ऑपरेशननंतर असे व्हायचेच’ म्हणून सोडून दिली जातात.

पण माझ्या टेबलावरून जे दिसत होते ते प्लेटलेटपेक्षा साधे होते. उदास माणूस गोळी घेत नाही. स्टेंट टाकल्यावर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकॅग्रेलॉर साधारण वर्षभर न चुकता घ्यावी लागते, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होऊन दुसरा अटॅक येऊ शकतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यात बसतात, आणि ही योजना नसती तर माझ्या टेबलापाशी आलेल्या निम्म्या लोकांना जमीन विकावी लागली असती. सरकार स्टेंट टाकायला पैसे मोजते. तो उघडा राहील की नाही हे ज्या मनावर अवलंबून आहे त्याची चौकशी कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. उदास माणूस चालायला जात नाही. सुटलेली तंबाखू पुन्हा सुरू करतो. तेल-मीठ कमी करायला सांगितलेले असते, तो दोन घास खाऊन ताट सरकवतो आणि घरच्यांना वाटते पथ्य पाळतोय. फॉलोअपची तारीख येते आणि जाते. ‘त्यांना बरे वाटत असेल म्हणून आले नाहीत,’ असे ओपीडीत बोलले जाते.

आता आपले अधिकारी आपल्याला एक गोष्ट सांगतील, ती मीच आधी सांगते, कारण ती खरी आहे. नैराश्यावर उपचार केल्याने हृदयाचे मृत्यू कमी होतात हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत 2,481 रुग्णांवर एनरिच्ड नावाची मोठी चाचणी झाली. अटॅकनंतर समुपदेशनाने मन सुधारले, पण मृत्यू आणि पुढचे अटॅक तेवढेच राहिले. सर्ट्रालिन या गोळीची 369 रुग्णांवर चाचणी झाली. ती हृदयरुग्णाला सुरक्षित आहे हे दिसले, पण जीव वाचतात असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. दक्षिण कोरियात 300 रुग्णांवरच्या चाचणीत एस्सिटालोप्रॅम 24 आठवडे दिल्यावर पुढच्या सुमारे आठ वर्षांत मृत्यू किंवा हृदयाची गंभीर घटना 40.9 टक्क्यांना घडली, औषधाविना असलेल्यांत 53.6 टक्क्यांना. आशा वाटावी असा हा आकडा आहे, पण चाचणी एक आणि रुग्ण 300. शिवाय 2019 मध्ये अमेरिकेतल्याच 1,500 रुग्णांवरच्या अभ्यासाने दाखवले की अटॅकनंतर सरसकट प्रश्नावली भरून घेतल्याने रुग्णाच्या आयुष्यात मोजण्याइतका फरक पडत नाही.

मग हा खटाटोप कशाला? माझी उत्तरे दोन. एक, नैराश्य हा स्वतःच उपचार करण्याजोगा आजार आहे. तो बरा करायला हृदयाची शिफारस लागत नाही. मधुमेही माणसाच्या पायाची जखम आपण बांधतो ती आयुष्य वाढेल की नाही हे विचारून नव्हे. दोन, शेवटच्या अभ्यासाचा धडा ‘विचारू नका’ असा मी घेत नाही. विचारून सोडून देऊ नका, असा घेते. आपल्या राज्यात सध्या जिथे विचारले जाते तिथेही बहुतेक वेळा विचारून सोडलेच जाते.

विचारल्यानंतर काय करायचे याची उत्तरे परदेशातून आणायची गरज नाही. दिल्ली, चेन्नई, विशाखापट्टणम आणि बेंगळुरू इथल्या चार मधुमेह दवाखान्यांत 404 रुग्णांवर झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. या लोकांना मधुमेहही होता आणि नैराश्यही. डॉक्टर नसलेली, पण शिकवून तयार केलेली एक व्यक्ती रुग्णाशी सतत संपर्कात राहायची, गोळ्या-साखर-मन तिन्हींची विचारपूस करायची आणि ठरावीक दिवशी मनोविकारतज्ज्ञ व मधुमेहतज्ज्ञ यांच्यासमोर सगळ्या केसेस मांडायची. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने उतरले आणि त्याबरोबर साखर, बीपी किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारले, असे रुग्ण 71.6 टक्के निघाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 57.4. मन आणि शरीर एकाच टेबलावर ठेवले तर दोन्ही सुधारतात, हे आपल्याच गर्दीच्या दवाखान्यांत दिसले आहे.

गोव्यात संगथ या संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेले काम मला त्याहून जवळचे वाटते. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना तयार करून त्यांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. बैठकीत उपदेश नव्हता. तुम्हाला पूर्वी काय करायला आवडायचे, त्यातले या आठवड्यात थोडेसे काय करता येईल, केले का, करताना काय अडले, एवढेच. तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. हृदयरुग्णाकडून आपल्याला काय हवे असते? रोज चालणे, लोकांत मिसळणे, हळूहळू कामाला लागणे. म्हणजे नैराश्याचा हा उपचार आणि हृदयाचा व्यायाम यांची गाठ आपोआप पडते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या गावांत मानसिक आरोग्याचा विश्राम प्रकल्प झाला, त्यात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 वर गेले. कापसाच्या पट्ट्यात हे जमले, तर इतर जिल्ह्यांत का जमू नये?

आपल्याकडे माणसे आहेत. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. जन आरोग्य योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे प्रत्येक अँजिओप्लास्टी आणि बायपासची नोंद आहे, रुग्णाचा फोन नंबर आहे. ही यादी गावाच्या उपकेंद्रापर्यंत पोहोचली आणि तिथून पहिल्या महिन्यात, मग तिसऱ्या महिन्यात हे दोन प्रश्न विचारले गेले, तर नवे पद निर्माण करावे लागत नाही. उत्तर वाईट आले तर आठवड्याला एक फोन आणि वैद्यकीय अधिकाऱ्याची भेट. गोळी लागलीच तर सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रॅम. दोन्ही जेनेरिक मिळतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी जुनी गोळी हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकते, म्हणून कपाटात तीच असेल तर हृदयरुग्णाला ती देताना थांबून विचार करावा लागेल, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात असायला हवे. आणि डिस्चार्ज कार्डावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर छापायला कोणत्याही समितीची गरज नाही.

दोन ठिकाणी पाय घसरू शकतो. पहिले बायकांच्या बाबतीत. बाईच्या छातीत दुखले, दम लागला, जबडा किंवा पाठ धरली की ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवायची आपल्याकडे वाईट खोड आहे. मनाबद्दल विचारायला शिकवताना ही खोड वाढू नये. छातीची तक्रार आली की आधी ईसीजी, मग मनाची चौकशी. दुसरे म्हणजे, सीबॅकचे ते दोन प्रश्न ओटीवर, सासू आणि दीर ऐकत असताना विचारून काही उपयोग नाही. सुनेचे उत्तर 0 येणार. पुरुषाचेही चारचौघांत 0 येणार. आशाताईला हे कळते, तिला कोणी शिकवायची गरज नाही. पण एका फेरीत तिला इतकी घरे करायची असतात, आणि मोबदला इतका तुटपुंजा, की शेवटच्या दोन चौकटींत शून्य लिहून ती पुढच्या दाराशी जाते. तिला दोष देणारा पहिला माणूस मी नसेन.

आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालते. बेंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात 12 राज्ये होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या सर्वेक्षणात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे 85 जणांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. आपल्या राज्यात याहून बरी परिस्थिती आहे असे मानायचे असेल तर ते कशाच्या आधारावर मानायचे? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवण्याचा हक्क दिला आहे. हृदयरुग्णाच्या बाबतीत तो पाळायचा, तर स्टेंटचे बिल मंजूर करणाऱ्या टेबलानेच मनाचीही दखल घ्यायला हवी.

म्हणून विनंती एवढीच. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची पुढची आढावा बैठक आपण घ्याल, तेव्हा सीबॅकचे किती फॉर्म भरले हा आकडा नेहमीप्रमाणे समोर येईल. तो बाजूला ठेवून दोन गोष्टी विचारा. शेवटच्या दोन प्रश्नांची बेरीज 3 च्या वर आलेली माणसे आपल्या जिल्ह्यात किती, आणि त्यांतली किती वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली? मग योजनेखाली गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांची यादी मागवा आणि त्यांतल्या किती जणांना, घरी गेल्यावर, कोणी हे विचारले ते पाहा. उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या बैठकीपर्यंत ते आणायला सांगा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)